हवालदार म्हणजे पोलीस नव्हे: घरातल्या माजी सैनिकाचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

सासरे गेले त्याच्या चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. फोटो छान निवडला होता. पांढरा सदरा, टोपी, नेहमीसारखी कपाळाला आठी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'निवृत्त पोलीस हवालदार'.

अण्णा आयुष्यात एकदाच पोलीस चौकीची पायरी चढले, तेही गिरणीचं कुलूप तुटलं म्हणून. ते सतरा वर्षं लष्करात होते, ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या, रणगाडे आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लालबागला पिठाची गिरणी घेतली. लोक तिला 'हवालदारांची गिरणी' म्हणायला लागले. मुंबईत हवालदार म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीसच येतो, त्याला कोण काय करणार? बावन्न वर्षं तिथे दळण आणणाऱ्यांचाही तोच समज होता. मंडळाच्या पोरांवर मी रागावले नाही. आम्ही घरच्यांनी तरी कुठे काय लिहून ठेवलं होतं?

मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून तेराव्याला वाचायचं पान माझ्याच गळ्यात आलं. ते घाईत लिहिलं आणि त्यात तीन चुका निघाल्या. मग वर्षभर बसून पुण्यस्मरणासाठी चौतीस पानांची वही काढली. त्या वर्षात जे कळलं ते इथे लिहिते आहे. तुमच्या घरी असं कोणी असेल आणि ते अजून सकाळचा चहा पीत खुर्चीत बसत असतील, तर तुमचं काम माझ्यापेक्षा खूप सोपं आहे. आजच सुरू करा.

वस्तू हातात द्या, मग विचारा

'अण्णा, युद्धात कसं वाटायचं?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: 'काय वाटणार? ड्युटी होती.' पुढे काही नाही. आमच्या घरात पन्नास वर्षं हेच चाललं. माझ्या मुलाला शाळेत 'माझे आजोबा' असा प्रकल्प मिळाला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी वेगळा प्रश्न विचारला.

अण्णांच्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, कातडीखाली काळे-निळसर ठिपके होते. वीसेक असतील. काही मोहरीएवढे, एक तर हरभऱ्याच्या डाळीएवढा. घरात सगळ्यांचा समज असा की ते बॉम्बच्या तुकड्यांचे. मुलाने निबंधात तसं लिहूनही टाकलं. वही दाखवायला गेला तेव्हा अण्णांनी हात दिव्याखाली धरला आणि म्हणाले, 'हे? ही टाकीची कच आहे.' गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की ते उघडून छन्नी-हातोड्याने पुन्हा खरबरीत करावे लागतात, त्याला टाकी मारणं म्हणतात. उजव्या हातात हातोडा, डाव्यात छन्नी. प्रत्येक घावाला उडणारी कच डाव्या हातात घुसते आणि तिथेच राहते. त्या दिवशी ते तासभर बोलले. दगडाच्या चऱ्या मध्याकडे खोल आणि कडेला उथळ का ठेवायच्या, टाकी मारल्यावर पहिलं किलोभर धान्य दळून फेकून का द्यायचं, नाहीतर भाकरी दाताखाली कचकचते आणि गिऱ्हाईक तुटतं. आणि बोलता बोलता, न विचारता, लष्करातल्या वर्कशॉपमध्ये उस्तादाने कानस कशी धरायला लावली तेही आलं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळला: हातात काहीतरी द्यायचं. जुना पान्हा, फोटो, बेल्टचं बक्कल, गिरणीचा तुटलेला पट्टा. मन कसं होतं ते विचारायचं नाही, हाताने काय केलं ते विचारायचं. तंबूत किती जण झोपायचे? रात्री गाडी बंद पडली तर उजेड कोण धरायचं? या प्रश्नाला ते हसले होते. 'उजेड? दिवा लावला तर वरून दिसेल की. शक्तिमानखाली उताणं पडायचं आणि नट बोटांनी ओळखायचा.' शक्तिमान म्हणजे लष्कराचा ट्रक. १९६५ च्या लढाईबद्दल त्यांनी मला सांगितलेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच.

रेकॉर्डिंग फोनवरच करा, वेगळं यंत्र लागत नाही. पंखा बंद करा, फोनखाली रुमाल घाला, आणि सुरू करताना आजची तारीख मोठ्याने बोला. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. आमची वेळ दुपारी चारची, चहानंतरची. सकाळी त्यांना पेपर हवा असायचा आणि संध्याकाळी डोळा लागायचा. ऐकलेलं त्याच आठवड्यात उतरवून काढा, आणि फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. माझा फोन एकदा दुरुस्तीला दिला आणि सगळं पुसून परत आला. सहापैकी दोन बैठका गेल्या. त्यातली एक पश्चिम बंगालमधल्या पानागडच्या दिवसांची होती, ती परत मिळाली नाही.

त्यांचे शब्द बदलू नका. अण्णांच्या बोलण्यात सातारा जिल्ह्यातल्या पाटणची मराठी आणि पलटणीची हिंदी यांची खिचडी होती. 'डांगरी' म्हणजे कामावरचा अंगभर पोशाख, 'लंगर' म्हणजे स्वयंपाकघर, 'रंगरूट' म्हणजे नवा भरती झालेला. गिरणीत डबे रांगेत लावायला ते 'फॉलिन करा' म्हणत. आमच्या चाळीतली पोरं 'फॉलिन' हा मराठीच शब्द समजून मोठी झाली. मी पहिल्या पानात त्याचं 'रांगेत लावा' केलं होतं. वाचल्यावर नणंद म्हणाली, 'हे अण्णा नाहीत, हे तू आहेस.'

ट्रंक उघडा, पण दार लावून

माजी सैनिकाच्या घरी एक पत्र्याची ट्रंक असतेच. तिच्यात सगळ्यात मोलाचं असतं ते डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, हुद्दा, ट्रेड, पदकं, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, वर्तणुकीचा शेरा, सगळं त्यात असतं. अण्णांचा ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, भरती १९५१, निवृत्ती डिसेंबर १९६८. डाव्या भुवईवर व्रण. ही खूण आम्ही कुणी कधी पाहिलीच नव्हती. फोटो मोठा करून बघितला तर होती.

दुसरा कागद पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. तो घरातल्या वृद्ध आईसाठी आधी बाजूला काढा, कौटुंबिक पेन्शनचं काम वहीपेक्षा तातडीचं आहे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: हे कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. सैनिक क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँकेचं पान यातलं काहीही वहीत छापायचं नाही. आमच्या एका आतेभावाने उत्साहाने फोटो फिरवले आणि आठवडाभरात सासूबाईंना 'पेन्शन अडकली आहे, ओटीपी सांगा' असे फोन यायला लागले.

डिस्चार्ज बुक सापडलं नाही तर पदकं उलटीसुलटी करून बघा. गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंग लागेल. हुद्दा पदक मिळालं तेव्हाचा असतो, त्यामुळे आमच्याकडे एकावर 'नायक' आहे. कोणाला ते आडनावच वाटलं होतं! क्रमांक हाती लागला की त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाने पत्र लिहिता येतं. ईएमईचं सिकंदराबादला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. काय लिहायचं, सोबत काय जोडायचं, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मी गेले तेव्हा एका टेबलावर मला अडीच तास बसवून ठेवलं आणि शेजारच्या टेबलावर सात मिनिटांत काम झालं. डबा घेऊन जा.

पदकांची नावं नीट लिहा. १९६५ च्या लढाईची दोन पदकं लोक एक समजतात. रक्षा पदक तेव्हा सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं, समर सेवा स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना. अण्णांकडे दोन्ही होती. शौर्यपदक वेगळं, सेवापदक वेगळं, आणि सेवापदकाला शौर्यपदक म्हटलं की ज्याला कळतं तो मनात हसतो आणि ज्याचं आहे त्याला लाज वाटते. तसंच 'हवालदार मेजर' म्हणजे मेजर नव्हे, आणि अंथरुणात वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी गेलेला माणूस शहीद नव्हे. हे तिन्ही प्रकार मी शोकसभांत ऐकले आहेत.

आणखी एक, घाईच्या वेळी उपयोगी पडेल असं. अंत्ययात्रेच्या सकाळी कुणीतरी तिरंगा आणला. भावना चांगली होती, पण ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारांतच पार्थिवावर ध्वज घालता येतो, घरच्या घरी नाही. आम्ही त्यांची जुनी खाकी शाल घातली.

सालं जुळवण्याची युक्ती

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, ती घटना सांगतात. 'पानशेत फुटलं तेव्हा मी रजेवर होतो.' म्हणजे जुलै १९६१. 'भूकंप झाला आणि घराची भिंत गेली, तार आली.' पाटणचा माणूस भूकंप म्हणाला की तो कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७. म्हणून आधी एका कागदावर ओळीने घटना लिहून घ्या: गोवा मुक्ती १९६१, चीनची लढाई १९६२, ट्राम बंद झाली मार्च १९६४, पाकिस्तानची १९६५, बांगलादेशची १९७१, दुष्काळ १९७२, कापडगिरण्यांचा संप १९८२, बॉम्बस्फोट १९९३. मग प्रत्येक आठवण यातल्या कशाच्या आधीची आणि कशाच्या नंतरची एवढंच विचारा. मोठा मुलगा तेव्हा चालत होता का, हाही उत्तम प्रश्न. आईला तो कायम आठवतो.

जन्मतारखेबाबत सावध राहा. कागदावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली. अण्णांच्या डिस्चार्ज बुकात १ जून १९३२ आहे आणि त्यांची आई सांगायची, 'संक्रांतीच्या तोंडावर झाला.' मी वहीत दोन्ही लिहिलं. एकच निवडायची काय घाई आहे?

धंद्याच्या कागदांवर साल नसलं तरी ते पत्त्यात लपलेलं असतं. गिरणीच्या जुन्या पावतीपुस्तकावर 'लालबाग, मुंबई १२' असं छापलेलं सापडलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यानंतर '४०० ०१२' झालं. म्हणजे पुस्तक बहुधा पहिल्या वर्षातलं. बहुधा म्हणते, कारण छापून उरलेली पुस्तकं लोक पुढे पाच वर्षं वापरतात, आणि अण्णा तर सात वापरतील. हिशेबात आणे दिसले तर एप्रिल १९५७ च्या आधीचा काळ, किंवा जुनी सवय. टेलिफोन किती आकडी आहे तेही बघा. भाडेपावत्या, बेस्टची लाइटबिलं, गुमास्ता लायसन्स, मोटर घेतल्याची पावती, हे सगळं एका फाइलीत तारखेने लावलं की दुकानाचा इतिहास आपोआप उभा राहतो. आमच्याकडे त्यातून कळलं की साडेसात हॉर्सपॉवरची मोटर त्यांनी चार वेळा स्वतः वाइंड करून तीस वर्षं चालवली. लष्करात सिकंदराबादला शिकलेलं कुठे उपयोगी पडलं याचा त्याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

आठवण कितीही छातीठोक असली तरी एकदा पडताळा. धाकटे दीर शपथेवर सांगत होते की २६ जुलै २००५ ला गिरणीत कमरेएवढं पाणी होतं आणि अण्णांनी डबे माळ्यावर चढवले. सुंदर प्रसंग, मी लिहूनही टाकला. पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला शंभराच्याही आत. आमच्या बाजूला किती पडला हे बघायला मी गिरणीची वही काढली, तर २७ तारखेला नेहमीसारखी दळणं झालेली, 'मोटर बंद' वगैरे काही नाही. पाणी शिरलं होतं ते आधीच्या एका पावसाळ्यात. टीव्हीवर पाहिलेलं पाणी दीरांच्या आठवणीतल्या गिरणीत शिरलं. प्रसंग मी ठेवला, तारीख काढली.

घरच्यांपेक्षा गिऱ्हाइकांना विचारा

मुलांना बाप जेवायला बसलेला आठवतो. धंदेवाईक माणूस दिवसाचे बारा तास दुसऱ्यांसमोर असतो, आणि ते दुसरे अजून गल्लीत आहेत. मी दोन रविवार गिरणीत स्टुलावर बसले, कारण रविवारी सगळं जुनं गिऱ्हाईक येतं. कुणाला 'आठवणी सांगा' म्हटलं नाही. फक्त विचारलं, 'अण्णा तुमच्यावर कधी ओरडले होते का?' सगळ्यांवर ओरडले होते. ओल्या गव्हावरून, झाकण नसलेल्या डब्यावरून, ज्वारीच्या आधी माझे गहू घ्या म्हणण्यावरून. मागच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना मोडायची. अण्णांनी त्यांना तो दोनदा दळून बारीक करून दिला आणि पैसे दोनदा घेतले. 'पण भाकरी मोडली नाही हो.'

बावीस वर्षं काम केलेला गिरणीतला गडी आता जौनपूरजवळ आपल्या गावी असतो. त्याला फोन लावला. तो बराच वेळ त्यांची स्तुती करत राहिला, मग मी विचारलं, पगाराचं कसं होतं? म्हणाला, 'कभी एक दिन लेट नहीं किया. और बिना माँगे कभी बढ़ाया भी नहीं.' हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं घेतलं. आमच्या ह्यांना ते आवडलं नाही. दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'राहू दे. मलाही कुठे न मागता कधी काही दिलं होतं.'

उधारीच्या वह्या टाकू नका. रद्दीवाला किलोने नेईल, पण त्यातच सगळं असतं. १९८२ ची वही मी पान पान वाचली. १८ जानेवारीला संप सुरू झाला, गिरणगावातले अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. फेब्रुवारीपर्यंत वहीत फरक नाही. मार्चपासून उजव्या रकान्यात 'बाकी' वाढत जातं, पाच किलोच्या जागी दोन किलो दिसायला लागतं, गव्हाऐवजी ज्वारी. पावसाळ्यानंतर नावंच कमी होतात. माणसं घर बंद करून गावी गेली होती. दीर म्हणाले, 'लिही, अण्णांनी सगळ्यांची उधारी माफ केली.' वही तसं म्हणत नाही. काहींनी १९८४-८५ मध्ये फेडलं आहे, तारखेसकट, अण्णांच्या किरट्या अक्षरात 'मिळाले'. काहींचं तसंच राहिलं. एका नावापुढे शिसपेन्सिलीने लिहिलं आहे: 'गावी. विचारू नये.' मी त्या पानाचा फोटो नाव झाकून छापला आणि माझं एक वाक्यही जोडलं नाही.

आता लिहा

वाचायचं पान आणि ठेवायची वही ही दोन वेगळी कामं आहेत. शोकसभेत तीन मिनिटं मिळतात, म्हणजे साधारण तीनशे शब्द. त्यात संपूर्ण आयुष्य कोंबलं की ते बायोडाटा होतं. जन्म, भरती, निवृत्ती, दुकान, मागे कोण, हे चार ओळींत संपवा आणि उरलेल्या जागेत त्यांचा एक दिवस सांगा. माझं पहिलं पान असं होतं: 'अण्णा अत्यंत शिस्तप्रिय, कष्टाळू व मनमिळाऊ होते. देशसेवेनंतर त्यांनी समाजसेवेचे व्रत घेतले.' मनमिळाऊ! ऐकताना पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं मला स्पष्ट दिसलं. पुण्यस्मरणाला तोच मजकूर असा झाला:

'गिरणी सातला उघडायची. सहा अठ्ठावन्नला आलेल्या माणसाला अण्णा दोन मिनिटं बाहेर उभं करायचे आणि स्वतः आत घड्याळाकडे बघत उभे राहायचे. डब्यावर खडूने आकडा पडायचा, तो त्या दिवसापुरता तुमचा नंबर. नगरसेवकाच्या घरचा डबा आला तरी आकडा पुढचाच. दुपारी एकला पट्टा उतरायचा, अण्णा अंगावरचं पीठ झटकायचे, भुवया मात्र तशाच पांढऱ्या ठेवून जेवायला यायचे.'

शिस्तप्रिय हा शब्द त्यात नाही. विशेषण लिहावंसं वाटलं की थांबा आणि स्वतःला विचारा, हे मला कशावरून वाटलं? जे उत्तर येईल ते लिहा आणि विशेषण खोडा.

लष्कराच्या भागात मोह जास्त होतो. अण्णा १९६५ ला पंजाबच्या सीमेवर, खेमकरणच्या बाजूला होते एवढं त्यांनी सांगितलं होतं. मी वाचायला बसले तर असल उत्तरची लढाई, शेतांत सोडलेलं पाणी, रुतलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, अब्दुल हमीद यांचं परमवीर चक्र, सगळं समोर आलं. हात शिवशिवत होते. पण त्यातलं अण्णांनी काय पाहिलं, कुठल्या दिवशी ते कुठे होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कागदही सांगत नव्हते. म्हणून लढाईची पार्श्वभूमी दोन ओळींत वेगळी दिली आणि खाली त्यांचं स्वतःचं वाक्य ठेवलं: 'चिखलातून गाड्या ओढल्या. आमच्याही, त्यांच्याही.' पुतण्याला त्यात 'शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त केले' हवं होतं. मी म्हटलं, अरे, ते मेकॅनिक होते, त्यांनी उद्ध्वस्त झालेलं चालू केलं.

लष्कर आणि दुकान अशी दोन प्रकरणं करू नका, असंही माझं मत आहे. माणूस एकच असतो. गिरणी घेतली त्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद लागले आणि चाळीने रात्री दिवे तपासायचं काम साहजिकच फौजी माणसाला दिलं. तोच माणूस दिवसा नव्या गिऱ्हाइकांचे डबे फॉलिन करत होता. कागद लावून अंधार केलेल्या गिरणीत त्याने पट्टा बोटांनी चाचपून बसवला असणार, असं मला फार लिहावंसं वाटलं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. इथे लिहून हौस भागवली.

कच्चा मजकूर सगळ्यात आधी सासूबाईंना वाचून दाखवला, चष्मा लावून त्यांना वाचवत नाही म्हणून. ज्यांच्या घरी आई आहे त्यांनी हे चुकवू नका. त्यांनी मध्येच थांबवून एवढंच म्हटलं, 'सतरा वर्षं फौजेत होते असं लिहिलंस. त्यातली अकरा वर्षं मी गावी त्यांच्या आईजवळ होते, तेही लिही.' ते पान आता वहीत तिसरं आहे.

छपाईला फार खर्च करू नका. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस प्रती काढल्या, स्पायरल लावलं. फोटोंच्या मागे नावं लिहिताना बॉलपेन नको, शिसपेन्सिल वापरा, शाई दुसऱ्या बाजूला उमटते. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, नंतर कुठल्याही कार्यालयात तो मूळ म्हणून दाखवताना वाद होतो. साध्या फोल्डरमध्ये ठेवा, पावसाळ्यात एकदा वारा द्या.

एक प्रत गिरणीत ठेवली आहे, खिळ्याला दोरीने बांधून. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी सोडली आणि पेन्सिलही लटकवली. पुतण्या सांगतो, लोक दळण होईपर्यंत वाचतात. आतापर्यंत पाच नोंदी आल्या आहेत. एकीने कळवलं आहे की गिरणी सातला नाही, पावणेसातला उघडायची, अण्णांचं घड्याळ पुढे होतं. एकाने फक्त 'रक्षा पदक माझ्या वडिलांनाही होते' असं लिहिलं आहे, त्याचा नंबर मी शोधते आहे. पाचवी नोंद 'गहू ८, ज्वारी ३, बाकी २०' अशी आहे. ती पुतण्याची.